खुंटीवरची हवा

आलेखात सकाळी सहा ते आठ काहीच नव्हतं. त्याआधी रात्रभराचे बारीक चढउतार, आठनंतर दिवसाची नेहमीची धावपळ, आणि मधले दोन तास रेघ ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ. मी फाइल पुन्हा उतरवून घेतली, घड्याळं जुळताहेत का ते तपासलं. धूर मोजायला माणसाच्या अंगावर घालतात ते मशीन चालू होतं, पंप नीट हवा ओढत होता. फक्त त्या हवेत धूर नव्हता. आणि ही रेघ ज्या घरातली, त्या घरात आठवडाभरापूर्वी याच वेळेला मी स्वतः बसले होते. पाच मिनिटांत डोळ्यांना धार लागली होती, घसा धरला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन केस सोडले तेव्हा तो वास पुन्हा खोलीभर झाला होता. मग आलेखाची खालची ओळ पाहिली. या मशीनमध्ये हालचाल टिपणारी एक चिप असते. माणूस चालला, वाकला, कुशीवर वळला की तिथे ठिपके उमटतात. सहा ते आठ एकही ठिपका नव्हता.

तीन दिवसांनी एका फॉर्मवर अंगठा घ्यायचा राहिला होता म्हणून गेले, तेव्हा विचारलं. "मावशी, त्या दिवशी सकाळी मशीन अंगावर नव्हतं का?" "नव्हतं ना," त्या सहज म्हणाल्या. "चूल पेटवायच्या आधी बाहेर खुंटीला लावलं, काम झाल्यावर परत घातलं." माझा चेहरा बघून त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. "अगं, धुराने काळं पडलं असतं ते. एवढं महागाचं मशीन. मग तुला कुणी बोललं असतं."

त्यांनी मशीनला धूर लागू दिला नव्हता.

चूक त्यांची नव्हतीच. मशीन देताना मीच दहा मिनिटं सांगत बसले होते, ओलं करू नका, आपटू नका, मुलांच्या हाती देऊ नका, जपा. त्यांनी जपलं. मात्र त्या दिवसापासून माझ्या कामाकडे मी पूर्वीसारखं पाहू शकलेले नाही. हवा, पाणी, ऊन बदलतं तेव्हा माणसांच्या तब्येतीवर त्याचं काय होतं, हे शोधणाऱ्या अभ्यासांत एक रकाना असतो, एक्सपोजर नावाचा, म्हणजे कुणाच्या अंगाला काय आणि किती भिडलं त्याचा. आजाराच्या रकान्यासाठी डॉक्टर असतात, तपासण्या असतात, दवाखान्याची कागदपत्रं असतात. एक्सपोजरचा रकाना भरायचं काम माझ्यासारखे लोक करतात. आणि तो रकाना भरलेला दिसला की पुढचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्या दोन तासांत माझ्या रकान्यात जे भरलं गेलं ते खुंटीचं एक्सपोजर होतं.

या मशीनबद्दल थोडं सांगते, कारण त्याच्याशी माझं जुनं सख्य आहे. तळहातापेक्षा जरा मोठी पेटी, तिच्यात पंप, पंपातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाला छातीपाशी अडकवायचं लहान तोंड. कामाच्या ठिकाणची हवा तपासणारे लोक नाकातोंडापासून तीस सेंटीमीटरच्या आतल्या जागेला श्वासाचा परिसर मानतात, तोंड त्या परिसरातच हवं. पेटीच्या आत नाण्याएवढा पांढराशुभ्र फिल्टर. तो आधी एका ठरावीक तापमानाच्या, ठरावीक ओलाव्याच्या खोलीत दिवसभर मुरवत ठेवायचा, मग मायक्रोग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोलायचा. श्वास रोखून तोलायचा असं कुणी शिकवत नाही, पण सगळे तसंच करतात. परत आल्यावर पुन्हा मुरवायचा, पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या माणसाचा दिवस. घरी गेलेल्या पण कधीच न उघडलेल्या काही फिल्टरांनाही तोलावं लागतं, नुसत्या प्रवासाने आणि हाताळणीने किती वजन वाढतं ते कळावं म्हणून.

पंप मिनिटाला दोन लिटर हवा ओढत असेल तर चोवीस तासांत तीन घनमीटरला थोडी कमी हवा त्यातून जाते. मोठं माणूस दिवसभरात दहा-पंधरा घनमीटर हवा आत घेतं. पंप सतत एकाच लयीत घेतो. माणूस बसलेला असताना मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो, ओझं घेऊन चढ चढताना त्याच्या कितीतरी पट. म्हणजे मशीन नीट अंगावर असलं तरी ते आपल्याला एवढंच सांगतं की या माणसाच्या नाकापाशी काय होतं. नाकातून आत किती गेलं, फुप्फुसाच्या तळाशी किती बसलं, रक्तात किती उतरलं, या पुढच्या पायऱ्या. दर पायरीवर वाट फुटते, आणि पहिली पायरीच खुंटीवर राहिली तर बाकीच्यांचा हिशेब कुणी कशाला करावा.

मराठीत एक्सपोजरला प्रतिशब्द शोधताना मी फार अडखळायचे. अहवालात 'संपर्क' लिहिते, पण तो हात लावल्यासारखा शब्द आहे. कोशातले शब्द फोटोच्या फिल्मकडे जातात. आणि मावशींच्या त्या वाक्यानंतर लक्षात आलं की शब्द तोंडातच होता, मी त्याला शास्त्राचा मानत नव्हते. ऊन पडतं आणि ऊन लागतं. वारा वाहतो आणि वारा लागतो. धूर होतो आणि धूर लागतो. पडणं, वाहणं, होणं हे बाहेरचं. लागणं हे माणसाचं. एकाच अंगणात ऊन सगळ्यांवर पडतं, लागतं एखाद्याला. शिवाय या क्रियापदात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. अंगाला येऊन भिडणं आणि अंगावर परिणाम होणं. 'त्याला ऊन लागलं' म्हटलं की तो उन्हात गेला होता आणि आजारी पडला, दोन्ही सांगून झालं. आम्हाला मात्र ही गाठ सोडवावी लागते. आधी भिडलं किती ते मोजायचं, मग झालं काय ते पाहायचं, आणि शेवटी दोन्ही टोकं पुन्हा जुळतात का ते तपासायचं. भाषेने जे एका घोटात सांगितलं ते सिद्ध करायला आम्हाला वर्षं लागतात. याची मला कधी कधी फार हुरहुर वाटते. पण ते सिद्ध करावंच लागतं, कारण 'ऊन लागलं' एवढ्यावर कुणी कारखान्याची चिमणी बदलत नाही.

हे काम किती जुनं आहे हे आठवलं की जरा धीर येतो. लंडनमधला कॉलरा आणि तो पाण्यातून पसरतो हे दाखवणारा डॉक्टर जॉन स्नो म्हटलं की सगळ्यांना ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप आठवतो, लोकांनी ते पाणी पिऊ नये म्हणून त्याचा काढून घेतलेला दांडा आठवतो. माझा जीव त्याच्या दुसऱ्या कामात अडकलेला आहे. त्याच १८५४ साली दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्या एकाच गल्लीत पाणी पुरवत होत्या. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनीचं पाणी बॅटरसीला थेम्स नदीतून घेतलेलं, शहराच्या सांडपाण्यासकट. लॅम्बेथ कंपनीने आपलं पाणी घेण्याचं ठिकाण १८५२ मध्ये वर थेम्स डिटनला, भरतीच्या पाण्याच्या पलीकडे नेलेलं. शेजारी शेजारी घरं, तीच हवा, तसेच लोक, फक्त नळ वेगळे. तुलना करायला याहून चांगली जागा मिळणार नाही. पण स्नो दारोदार गेला तेव्हा एक अडचण निघाली. तुमच्याकडे पाणी कुणाचं, हे लोकांना सांगता येईना. पाण्याचे पैसे घरमालक भरायचा, तो राहायचा दुसरीकडे.

इथे त्याने जे केलं ते मला दांडा काढण्याहून मोठं वाटतं. त्याने अशा घरांतून लहान बाटलीत पाणी घेतलं, तिच्यावर पत्ता लिहिला आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं. मीठ असलेल्या पाण्यात त्याने पांढरा साका धरतो. थेम्स डिटनच्या गॅलनभर पाण्यात मीठ निघालं एक ग्रेनहूनही (ग्रेन म्हणजे वजनाचं जुनं बारीक माप) कमी, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. चाळीसपट फरक. डोळ्यांना दिसणारा. ज्या घरातल्यांना आपण काय पितो ते सांगता येत नव्हतं, त्यांच्या वतीने त्या पाण्याने सांगितलं. मग हिशेब मांडला तेव्हा दर दहा हजार घरांमागे मृत्यू साउथवर्क अँड वॉक्सहॉलकडे ३१५ आणि लॅम्बेथकडे ३७ निघाले. कॉलऱ्याचा जंतू त्याच्या हातात नव्हता. त्याच्याकडे एक बाटली होती आणि कुणाच्या घरात कुठलं पाणी येतं हे अंदाजाने ठरवायचं नाही, एवढा हट्ट होता. मला तो रोज हवा असतो.

आणि तो रोज पुरत नाही. हजारो माणसांचा पंधरा-पंधरा वर्षं पाठपुरावा करायचा तर प्रत्येकाच्या छातीला नळी कोण लावणार? म्हणून मोजणी केंद्रं. अमेरिकेतल्या सहा शहरांचा जो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात ८,१११ माणसं होती आणि हवा मोजली होती शहरातल्या मध्यवर्ती जागी. त्या शहरातल्या सगळ्यांना तोच आकडा. कुणाचं घर रस्त्याला लागून, कुणाचं टेकडीवर, कुणी दिवसभर भट्टीसमोर, कुणी ग्रंथालयात. तरी सर्वांत मळकट हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि सिगारेट, वय, वजन यांचा हिशेब लावूनही तो फरक गेला नाही. उद्योगांनी त्यावर आक्षेप घेतले, आकडे पुन्हा तपासले गेले, निष्कर्ष टिकला. आज हवेचे जे नियम आहेत त्यांच्या पायात हा अभ्यास आहे. म्हणून केंद्रावरच्या आकड्याला मी कधी नावं ठेवत नाही. सगळ्यांना एकच सरासरी दिली आणि खरी माणसं तिच्या अवतीभवती विखुरलेली असली, तर चित्र धूसर होतं, पण उतार, म्हणजे धूळ वाढली की मृत्यू किती वाढतात ते प्रमाण, साधारण जागच्या जागी राहतो. १९५० मध्ये बर्कसन या संख्याशास्त्रज्ञाने हे मांडलं. मला वाटतं, आमच्या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा दिलासा आहे.

पण दिलासा म्हणजे उत्तर नव्हे. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये १७८ लोकांनी अंगावर मशीन घालून दिवस काढला. घराबाहेर एक मशीन, घरात एक, अंगावर एक. श्वासात जाऊ शकणारी धूळ दिवसा बाहेर सरासरी घनमीटरमागे ९५ मायक्रोग्रॅम, घरातही ९५, आणि अंगावरच्या मशीनमध्ये १५०. माणूस घरात नाहीतर बाहेरच असतो, मग हे वरचे कुठून आले? चालण्यातून, झाडण्यातून, अंथरूण झटकण्यातून, चुलीजवळ वाकण्यातून, म्हणजे जगण्यातून. आपण चालतो तेव्हा आपल्याभोवती आपलाच एक बारीक धुरळा चालत असतो. तज्ज्ञांनी त्याला वैयक्तिक ढग असं नाव दिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सकाळी खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कपडे घडी करणारी आई आठवली. प्रत्येक घडीसरशी सोनेरी कण उसळायचे आणि मी ते पकडायला हात घालायचे. तो ढग आईचा होता आणि थोडा माझाही.

किर्क स्मिथ या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढणारी यंत्रं लावली. आकडा मायक्रोग्रॅममध्ये आला नाही, मिलिग्रॅममध्ये आला. चुलीपाशी घनमीटरमागे सात मिलिग्रॅमच्या आसपास सगळी मिळून धूळ. तोवर प्रदूषण म्हणजे शहर, चिमण्या, मोटारी. गावाची हवा स्वच्छ, असं सगळेच धरून चालले होते, कारण मोजणारं केंद्र गावात नव्हतंच, आणि असतं तरी चुलीपाशी नसतं. माझ्या मनात सगळ्यात जास्त सलतं ते हे. मोजमापातली चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्यांचं आयुष्य बंद काचांच्या आत, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागी जातं, त्यांचा अंदाज बरा बांधता येतो. ज्यांचा दिवस दहा ठिकाणी सांडलेला असतो, पहाटे चूल, मग रस्त्याकडेचं काम, मग दुसऱ्याच्या घरची झाडलोट, त्यांच्याबद्दल आमचा आकडा सर्वांत जास्त चुकतो. आणि लागतं त्यांनाच जास्त.

उन्हाचंही तसंच. हवामान केंद्रात तापमापी पांढऱ्या, झडपांच्या पेटीत असते, मोकळ्या जागी, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत, वारा खेळता. ती तशीच असायला हवी, नाहीतर एका गावचं तापमान दुसऱ्याशी ताडून पाहता येणार नाही. पण त्या पेटीत कुणी राहत नाही. परीक्षेच्या एका उन्हाळ्यात मी पत्र्याखालच्या खोलीत राहत होते. रात्री अकराला भिंतीला तळहात लावला की भिंत तापलेल्या माणसासारखी लागायची. पत्रा दिवसभर तापून रात्री निवताना टक् टक् वाजायचा आणि मी ते टोले मोजत पडून राहायचे. ओली चादर अर्ध्या तासात वाळायची. सकाळी वर्तमानपत्रात किमान तापमान वाचलं की मला आपण खोटं बोलतोय असं वाटायचं. आकडा बरा होता. माझी रात्र बरी नव्हती. तेव्हा मला माहीत नव्हतं की १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली, आणि नंतर घरोघर जाऊन चौकशी झाली तेव्हा एकटं राहणं आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणं या दोन्हींनी धोका वाढलेला दिसला. शहराचं तापमान सगळ्यांना एकच होतं. वरचा मजला सगळ्यांना नव्हता.

आता मी कुणाच्या खोलीत बटणाएवढा तापमान नोंदवणारा ठोकळा चिकटवते तेव्हा खाटेजवळ चिकटवते, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर. पाहुण्यांना दिसेल अशा भिंतीवर लावा, असं घरचे सुचवतात. मी हळूच विचारते, "आजी कुठे झोपतात?"

कधी कधी बाहेर मोजायची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा शरीराला विचारावं लागतं, आणि शरीर जपून ठेवतं. रक्तातलं शिसं महिनाभरात अर्ध्यावर येतं, म्हणून रक्त फक्त अलीकडचं सांगतं. हाडं आणि दात वर्षानुवर्षांचं सांगतात. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतलं शिसं मोजलं. १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं की वरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलांमध्येही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापनातली कामगिरी कमी आणि वर्गातलं लक्षही कमी. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचं औषध लावलेलं बियाणं लोकांच्या पोटात गेलं, तेव्हा बायकांच्या लांब केसांचे तुकडे करून गरोदरपणाच्या कुठल्या महिन्यात किती पारा अंगात होता हे काढता आलं.

आणि मिनामाता. जपानमधल्या या किनाऱ्यावर कारखान्याचा पारा खाडीत, खाडीतून माशांत आणि माशांतून माणसांत गेला. आजाराची अधिकृत नोंद झाली १९५६ मध्ये. आधीची कितीतरी वर्षं कुणी पारा मोजलाच नव्हता, कारण काय मोजायचं हेच माहीत नव्हतं. पण तिथल्या घरांत बाळाची वाळलेली नाळ लहानशा डबीत जपून ठेवायची रीत होती. पुढे संशोधकांनी त्या नाळा मिळवल्या आणि त्यांतला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी रूप, मोजला. जन्माच्या सालाप्रमाणे ओळीने मांडल्यावर त्यांत कारखान्याच्या उत्पादनाचा चढ आणि उतार दिसला. मी या डब्यांचा विचार करते तेव्हा मला पुरावा म्हणून आनंद व्हावा की रडावं हे कळत नाही. आयांनी मायेने ठेवलेली वस्तू, आणि तिच्यात त्यांच्या लेकरांच्या दुःखाचा हिशेब. शरीराकडे विचारणा केली की उत्तर खरं मिळतं, पण उशिरा मिळतं.

खुंटीवरच्या दोन तासांनी नेमकं काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं, एवढ्या मोठ्या अभ्यासात एका बाईचे दोन तास काय ते. समजा गावातल्या लोकांचे तीन गट केले. धूर कमी लागणारे, मध्यम, जास्त. यादी चुकली, आणि जास्त लागणाऱ्यांतल्या काहींची नावं कमीच्या गटात गेली, कमीवाल्यांतली काही जास्तच्या गटात. आता कमीच्या गटात खोकणारी माणसं दिसतील आणि जास्तच्या गटात धडधाकट. दोन गटांतलं अंतर मिटत जाईल. धूर तितकाच वाईट राहिला, पण कागदावर सौम्य झाला. माणसामाणसागणिक इकडेतिकडे झालेली अशी चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकते, काही झालं नाही या बाजूला. आणि मग अहवालाच्या शेवटी एक वाक्य येतं की संबंध आढळला नाही. ते वाक्य घेऊन कुणीतरी बैठकीत उभं राहतं. नीट मोजता आलं नाही आणि झालंच नाही, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचं अंतर आहे, पण बैठकीत ते ऐकू येत नाही. याचा मला राग येतो, आणि तो राग मला कामाचा वाटतो.

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात झालेली चुलींची चाचणी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. काही घरांना धुराड्याची चूल दिली, बाकीच्या घरांत उघडा जाळ राहिला, आणि लहान मुलांच्या कपड्यांना धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू टिपणाऱ्या नळ्या लावून त्यांना किती धूर लागतो ते वेळोवेळी मोजलं. २०११ मध्ये निकाल आला. चूल मिळालेली घरं आणि न मिळालेली घरं, एवढीच तुलना केली तर डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी ठाम नव्हती. पण कुठल्या मुलाला प्रत्यक्षात किती लागलं, त्या हिशेबाने पाहिलं तर धूर कमी झाला तिथे न्यूमोनियाही ठामपणे कमी झाला होता. धुराड्याने मुलांचा धूर सरासरी निम्म्यावर आणला होता, आणि निम्मा म्हणजे पुरेसा नव्हे. त्या नळ्या मुलांच्या कपड्यांना नसत्या तर हाती काय राहिलं असतं? चुलीने विशेष काही होत नाही, एवढंच.

तरीही, हे सगळं मोजण्याचं ओझं कुणाच्या अंगावर, हा प्रश्न मला सोडत नाही. पेटी जड नाही, पण ती गुणगुणते. झोपलेल्या मुलाला जाग येते. बसमध्ये लोक वळून पाहतात. एका मुलीने मला सांगितलं की मशीन घातलं त्या दिवशी ती वाट वाकडी करून, झाडं असलेल्या रस्त्याने कामाला गेली, कारण तिला 'चांगले आकडे' द्यायचे होते. दुसऱ्या एका घरात त्या दिवशी लाकडं सोडून गॅस वापरला, शास्त्रवाले येणार म्हणून. माणूस कुठे कुठे गेला हे नोंदवणारी चिप लावली की मोजणी सुधारते, पण मग मला हेही कळतं की तो दुपारी दोन तास कुठे होता, आणि ते त्याच्या घरी ठाऊक नसतं. मला हवेबद्दल जाणून घ्यायचं असतं आणि माझ्या हाती त्याचं आयुष्य येतं. उपग्रहाला हे ओझं कुणावर टाकावं लागत नाही. तो वरून जाता जाता हवेतल्या कणांचा धूसरपणा टिपतो, जिथे एकही केंद्र नाही अशा प्रदेशाचाही. पण ढगाखालचं त्याला दिसत नाही, आणि छपराखालचं तर नाहीच.

पुढच्या फेरीत आम्ही दोन बदल केले. मशीन जपा, हे सांगणं बंद केलं. "हे काळं पडायलाच आणलंय, काळं नाही पडलं तर मला बोलणी बसतील," असं मी सांगायला लागले. आणि दिवसाच्या नोंदीचा जो कागद असतो, लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रांचा, चूल, खाट, रस्ता, झाड, त्यात एक चित्र वाढवलं. खुंटीचं. मशीन काढून ठेवलं तर त्या तासासमोर खुंटीवर काडी मारायची, लपवायचं काही नाही.

मावशींनी दुसऱ्यांदा मशीन घातलं. कागद परत आला तेव्हा खुंटीवर दोनच काड्या होत्या, दोन्ही आंघोळीच्या. सकाळी सहा ते आठ आलेखात डोंगर उभा होता आणि खाली ठिपके दाट. फिल्टर चिमट्याने उचलला तेव्हा तो मध्यभागी डांबरासारखा काळा आणि कडेला, रबरी कडं बसतं तिथे, अजून पांढरा होता. तोलताना हात स्थिर ठेवायला मला जरा वेळ लागला.

पण त्या आलेखात आणखी एक डोंगर होता, सकाळच्याहून उंच. रात्री एक ते तीन. आमच्या संगणकाने ती दोन तासांची सगळी मापं लाल करून ठेवली होती. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, एवढा आकडा येणं शक्य नाही, वगळा. आम्हीच लिहिलेला नियम होता तो. कागदावर त्या तासांसमोर खाटेवर काडी नव्हती, खुंटीवरही नव्हती. रिकाम्या जागेत मावशींनी स्वतःच्या हाताने एक वेडंवाकडं वर्तुळ काढलं होतं, आणि त्याच्या आत आणखी एक लहान.

मी कागद घेऊन गेले. "हे काय, मावशी?"

"शेजारची लेक बाळाला घेऊन घरी आली ना त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "रात्री गारठा किती होता. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. शेगडी पेटवली आणि घेऊन बसले, तेव्हा कुठे झोपलं." मग जरा थांबून, "मशीन काढलं नव्हतं हं मी. तू सांगितलं होतंस तसं छातीशीच होतं."

"आणि बाळ?"

"ते काय, इथंच," असं म्हणून त्यांनी रिकामे हात छातीशी घेतले, नळीचं तोंड असतं त्याच्या खाली वीतभर.